जाऊ पाच वर्षांनी लहान, तरी तिला 'ह्यंगनिम' म्हणायचं?

प्रिय ताई,

मी सांगलीची. पुण्यात नोकरी करताना एका कोरियन इंजिनिअरशी ओळख झाली आणि त्याच्याशीच लग्न केलं. आम्ही आता कोरियात, सूवनला राहतो, सासर आन्दोंगचं. मला कोरियन बऱ्यापैकी येतं, त्यामुळे बोलण्यावरून घोळ होईल असं वाटलं नव्हतं. गेल्या सोल्लालला, म्हणजे तिकडच्या चांद्र नववर्षाला, सगळे आन्दोंगला जमलो होतो. मोठ्या दिरांची बायको एकोणतीस वर्षांची, मी चौतीसची. स्वयंपाकघरात मी तिला मोकळेपणाने नावाने हाक मारली, नावापुढे आदराचं 'श्शी'सुद्धा लावलं. सासूबाई वळून बघायला लागल्या. जाऊ काही बोलली नाही, पण दिवसभर तुटक वागली. रात्री नवऱ्याने सांगितलं, तिला 'ह्यंगनिम' म्हणायचं असतं, थोरल्या जावेची ती मानाची हाक. पाच वर्षांनी लहान मुलीला! वर ती मला नुसतं 'तोंगसो' म्हणणार. धाकटी नणंद चोवीसची, अजून शिकतेय. तिला म्हणायचं 'आगाश्शी'. पूर्वी नोकरचाकर मालकाच्या मुलीला असं म्हणायचे, हे मला तिथल्याच एका मैत्रिणीने सांगितलं. मी पुण्यात पंधरा जणांची टीम सांभाळली आहे, ताई. त्या घरात माझं नावसुद्धा कुणी घेत नाही. सासूबाई 'सेआगा' म्हणतात, आणि नवरा तिथे गेला की नाव सोडून 'योबो'वर, म्हणजे आपल्या 'अगं'वर येतो.

भरीस भर म्हणून माझी धाकटी बहीण. कोरियन मालिकांची वेडी. व्हिडिओ कॉलवर तिने माझ्या नवऱ्याला 'ओप्पा' म्हटलं आणि सासूबाईंनी मला विचारलं, तुझी बहीण असं का म्हणते? टोकियोतली माझी मावसबहीण सांगते, जपानमध्ये असलं काही नाही, सगळ्यांना 'सान' लावलं की झालं. मग कोरियातच एवढं का? पुढच्या महिन्यात छुसोकला, म्हणजे तिकडच्या सुगीच्या सणाला, पुन्हा आन्दोंगला जायचंय. मला चौथा महिना आहे, आणि बाळाने माझ्या आईला काय म्हणायचं यावरही बोलणी सुरू झाली आहेत. मी काय करू?

— आन्दोंगची सून

प्रिय सूनबाई,

छुसोक तोंडावर आलाय म्हणून निकाल आधी सांगते, कारणं मागून. जावेच्या बाबतीत नमतं घे. नणंदेच्या बाबतीत घ्यायची गरज नाही. बहिणीला एक नवा शब्द शिकव. आणि नवऱ्याला कामाला लाव, कारण या सगळ्यात त्याच्या वाटणीचं काम त्याने केलेलंच दिसत नाही.

तिकडे भावंडांपासूनच सुरुवात होते. मुलगा थोरल्या भावाला ह्यंग म्हणतो, थोरल्या बहिणीला नुना. मुलगी थोरल्या भावाला ओप्पा म्हणते, थोरल्या बहिणीला ओन्नी. धाकट्यांना मात्र सरळ नावाने हाक, शेवटी 'आ' किंवा 'या' लावून. जुळ्यांतसुद्धा काही मिनिटं आधी जन्मलेला ह्यंग ठरतो. आपल्याकडे याबाबतीत घरोघरी सवलत असते. कितीतरी घरांत दोन वर्षांनी मोठ्या बहिणीला 'ए' लावून नावाने हाक मारतात आणि आईचंही त्यावर काही म्हणणं नसतं. कोरियात ही सवलत नाही. वर्षाने मोठ्या भावाला नावाने हाक मारली तर ती भांडण उकरून काढण्यासारखीच धरली जाते. चुलत, मामे, आते, मावस भावंडांनाही हेच चार शब्द चालतात, जसं आपण त्यांना दादा-ताई म्हणतो.

नातं किती जवळचं, हे ते आकड्यांत मोजतात, हे तुला माहीत असेलच. आई-वडील आणि मूल यांच्यात एक छोन, सख्ख्या भावंडांत दोन, काका-पुतण्यात तीन, चुलत भावंडांत चार. काकाला मारायच्या 'सामछोन' या हाकेत तो तीनचा आकडा उघड बसलेला आहे. नवरा-बायकोत मात्र छोन नाहीच, शून्य. त्यावर तिकडची माणसं दोन्ही प्रकारचे विनोद करतात: इतकं जवळचं की मोजता येत नाही, आणि उद्या तुटलं तर मोजायला काही उरत नाही.

एका बाबतीत तू नशीबवान आहेस. एखाद्या अमेरिकन सुनेला जे महिनोन् महिने डोक्यात शिरत नाही, ते तुला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. आईची बहीण इमो, वडिलांची बहीण कोमो. म्हणजे मावशी आणि आत्या. आईचा भाऊ वेसामछोन, तो मामा. वडिलांचे थोरले भाऊ खुनआबोजी, म्हणजे मोठे वडील. विदर्भात आजही मोठे बाबा, मोठी आई म्हणतातच. जावेला जाऊ आणि साडूला साडू म्हणणारी आपली भाषा आहे, आणि गंमत म्हणजे कोरियन 'तोंगसो' हा एकच शब्द दोघांनाही चालतो. तुझी जाऊ तुला तोंगसो म्हणते तेव्हा ती तुला 'जाऊ' म्हणतेय, बस. त्यात 'नुसतं' वाटण्यासारखं काही नाही.

आता ह्यंगनिम. सून घरात आली की तिचं स्वतःचं वय बाजूला राहतं आणि नवऱ्याचा क्रम तिला चिकटतो. थोरल्याची बायको ती थोरली, मग ती एकोणतीसची असो की बावीसची. हे तुला इतकं परकं वाटावं याचं मला थोडं नवल वाटलं. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या मोठ्या वाड्यांत थोरल्या जावेला अक्का किंवा जाऊबाई म्हणताना तिचा जन्मदाखला कोण मागत होतं? तू त्या वाड्यात वाढली नाहीस, फ्लॅटमध्ये वाढलीस, म्हणून ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही इतकंच. आणि तुझं सासर आन्दोंगचं. कोरियात आन्दोंग म्हटलं की माणसं आपोआप सावरून बसतात. जोसोन राजवट 1392 ते 1910 अशी पाचशेहून अधिक वर्षं चालली, आणि तिच्या कन्फ्यूशियन रीतीभातींचं माहेरघर म्हणजे हाच भाग. तिथलं हाहवे गाव तर 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. थोरल्या-धाकट्याचा क्रम हा त्या शिकवणीतल्या पाच मूळ नात्यांपैकी एक. अशा घरात थोरल्या सुनेवर पूर्वजांच्या विधीचा, पाहुण्यांचा, सासू-सासऱ्यांच्या म्हातारपणाचा भार येतो. एकोणतीसच्या मुलीने तो उचललाय आणि त्याच्या बदल्यात तिला एक हाक मिळते. तीही तू काढून घेतलीस, असं तिला वाटलं असणार. तू 'श्शी' लावलंस ते तुझ्या मते आदराचं. पण नाव आणि श्शी हे ऑफिसातल्या बरोबरीच्या माणसाला ठीक. थोरल्या जावेला ते वर्मी लागतं.

पण एक गोष्ट तुझ्या नवऱ्याने तुला सांगितली नाही, आणि ती तुझ्या बाजूची आहे. कोरियनमध्ये मान नुसत्या हाकेत नसतो, क्रियापदाच्या शेवटात असतो. तिथल्या शिष्टाचाराप्रमाणे थोरली जाऊ वयाने लहान असेल, तर तिने तुला तोंगसो म्हणावं खरं, पण बोलावं आदरार्थीच. एकेरीवर येण्याचा तिला हक्क नाही. तू तिला ह्यंगनिम म्हण, ती तुझ्याशी 'यो' लावून बोलेल, आणि दोघींचाही मान राहील. ती आधीपासूनच तसं बोलत असेल, तर तिने तिची बाजू चोख पाळलीय आणि तू ऐकायचं विसरलीस. जरा आठवून बघ.

नणंदेचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे. तिकडची मांडणीच बघ. नवऱ्याचा धाकटा भाऊ अविवाहित असेल तर दोर्योनिम, लग्न झालेला असेल तर सोबांगनिम, धाकटी बहीण आगाश्शी. सगळी थोरामोठ्यांच्या घरातल्या लेकरांना मारायची हाक. सोबांगनिम तर पूर्वी बायका स्वतःच्या नवऱ्यालाच म्हणायच्या, आणि तीच हाक दिराला! आता उलट बाजू बघ. बायकोच्या धाकट्या भावाला छोनाम, धाकट्या बहिणीला छोजे. मानाचं 'निम' नाही, काही नाही. नवऱ्याचं घर ते सिदेक, त्यात 'देक' हा मानाचा. बायकोचं माहेर ते साधं छोगा, म्हणजे बायकोचं घर. तुझी मैत्रीण बोलली ते उगीच नाही. हा वाद कोरियातल्याच सुनांनी पेटवलाय. कायद्यातली जुनी कुटुंबप्रमुखाची पद्धत, जिच्यात बाईची नोंद वडील, नवरा किंवा मुलाच्या खात्यावर असायची, ती घटनात्मक न्यायालयाने 2005 मध्ये घटनेशी विसंगत ठरवली आणि 1 जानेवारी 2008 पासून गेली. हाका मात्र राहिल्या. 2018 मध्ये तिथल्या महिला व कुटुंब मंत्रालयाने या असमान हाकांचा प्रश्न अधिकृतपणे हातात घेतला, आणि 2020 मध्ये राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने लोकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. नवऱ्याच्या धाकट्या भावंडांना नावापुढे 'श्शी' लावून हाक मारायला हरकत नाही, असं तिच्यात स्वच्छ म्हटलंय.

तेव्हा जे 'श्शी' तू जावेला लावून फसलीस, ते नणंदेला लावलंस तर चालतं. फक्त जेवणाच्या टेबलावर एकदम सुरू करू नकोस. आधी नणंदेलाच फोन कर. चोवीसची मुलगी आहे, शिकतेय, तिला स्वतःलाच 'आगाश्शी' ऐकून अवघडल्यासारखं होत असण्याची शक्यता बरीच आहे. ती तुला 'सेओन्नी', नवी ओन्नी, म्हणत असेल. तिला सांग, तू मला ओन्नी म्हण, मी तुला नावाने हाक मारते, आईंना आपण दोघी मिळून सांगू. सासूबाईंना सुनेने मागितलेली सूट खटकेल. लेकीने मागितलेली खटकणार नाही. हे आन्दोंगलाही लागू आणि सांगलीलाही.

तुझं नाव कुणी घेत नाही, ही तुझी खरी ठसठस आहे असं मला पत्रावरून वाटलं. बाकी तक्रारी तिच्याभोवती गोळा झाल्यात. त्याबद्दल थोडं सांगते. कोरियात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. तुझी सासू आजही तिच्या वडिलांच्या आडनावाने ओळखली जाते. आपल्याकडे आडनाव तर जातंच, काही घरांत अजूनही ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून मुलीचं स्वतःचं नावही पुसतात. तिकडे नाव कुणी हिरावत नाही, पण घरात घेतही नाही. आणि हे फक्त सुनेचं नाही. वडिलांचं नाव कुणी विचारलं, तर शिकलासवरलेला माणूसही ते सलग उच्चारत नाही, अक्षर अक्षर सुटं करून सांगतो. सासूबाईंचं नाव तरी त्या घरात तू कधी ऐकलंस का? मला नाही वाटत. 'सेआगा' म्हणजे नवं बाळ. चौतीसाव्या वर्षी ते ऐकायला चमत्कारिक वाटतं हे कबूल, पण त्यात लाड आहे, हेटाळणी नाही. थोड्या दिवसांत ते आपोआप सुटेल आणि तू बाळाची आई म्हणून ओळखली जाशील, त्याच्या नावापुढे 'ओम्मा' लावून. आपल्याकडची 'बंड्याची आई' तीच. तुला तेही आवडणार नसेल, तर आत्ताच सांगून ठेवावं लागेल.

योबोबद्दल मात्र मी फार मनावर घेणार नाही. तुझी आजी आजोबांना 'अहो' म्हणायची, 'अहो ऐकलंत का'वर संसार केला तिने. नवरा आईवडिलांसमोर योबो म्हणतो आणि सूवनला परतल्यावर नावाने हाक मारतो, यात लपवाछपवी नाही. मोठ्यांसमोर बसण्याची पद्धतही बदलतेच की.

आता बहीण. मालिका बघून ओप्पा हा शब्द साऱ्या जगाने उचललाय, पण तिथे मुली तो सख्ख्या भावाला वापरतात, ओळखीच्या थोड्या मोठ्या मुलाला वापरतात, आणि प्रियकराला, पुष्कळदा नवऱ्यालाही. मेहुणीने बहिणीच्या नवऱ्याला ओप्पा म्हटलं की जुन्या वळणाच्या सासूच्या कपाळाला आठी पडणारच. तिच्यासाठी शब्द आहे ह्यंगबू, थोरल्या बहिणीचा नवरा. सांगलीत त्याला दाजी म्हणतात, आणि तुझी बहीण आईसमोर दाजीच म्हणत असेल अशी माझी खात्री आहे. तिला सांग, एक तर ह्यंगबू म्हण, नाहीतर सरळ दाजी. दाजी ऐकून सासूबाई खूश होतील, कारण अर्थ सांगितला की तो त्यांच्याच घरातला शब्द निघेल.

मावसबहिणीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ती टोकियोत ऑफिस आणि शेजार बघते. जपानी घराच्या आत बहुधा ती राहिलेली नाही. तिथेही थोरल्या भावाला ओनीसान, थोरल्या बहिणीला ओनेसान, आणि धाकट्यांना नाव. शिवाय त्यांच्याकडे एक खासियत आहे जी कोरियातही इतकी नाही: घरात मूल आलं की सगळी मोठी माणसं त्या सर्वांत धाकट्या मुलाच्या नजरेतून एकमेकांना हाक मारू लागतात. बायको नवऱ्याला ओतोसान म्हणते, म्हणजे बाबा. आई स्वतःच्याच थोरल्या मुलाला ओनीचान, दादा, म्हणते, कारण पाळण्यातल्याचा तो दादा. दुसरं मूल झालं त्या दिवशी पहिल्याचं नाव आईच्या तोंडून निम्मं कमी होतं. सुझुकी ताकाओ या भाषातज्ज्ञाने 1973 मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. वर घराबाहेरच्या माणसाशी बोलताना आईला ओकासान न म्हणता साधं 'हाहा' म्हणायचं, कारण आपल्या माणसांचा मान परक्यासमोर मिरवायचा नसतो. म्हणजे 'सान लावलं की झालं' हे दाराबाहेरचं.

चीनमध्ये तर भावांना क्रमांकच असतात, मोठा दादा, दुसरा दादा, तिसरा दादा. आणि पाहुणा आला की आई पोराला पुढे ढकलून म्हणते, हाक मार. योग्य हाक मारता आली म्हणजे पोर वळणाचं. पण तिथे 1980 च्या सुमारास एक मूल धोरण आलं, ते 2015 पर्यंत टिकलं, आणि शहरांत अशी एक पिढी तयार झाली जिला सख्खं भावंडच नाही. त्यांच्या मुलांना काका नाही, आत्या नाही. शब्द आहेत, हाक मारायला माणूस नाही. तुझ्यापुढे निदान हाका मारायला माणसं तरी भरपूर आहेत.

कोरियात 28 जून 2023 पासून सरकारी कामात वय मोजायची जुनी पद्धत गेली. जन्मतःच एक वर्ष आणि दर नववर्षाला आणखी एक, असं ते मोजायचे. आता कागदावर सगळेच एक-दोन वर्षांनी लहान झालेत. कोण ह्यंग आणि कोण धाकटा, यात त्याने काडीचा फरक पडलेला नाही. कुणी तुला 'आता सगळं बदललंय' म्हणालं तर फार विश्वास ठेवू नकोस.

छुसोकला काय करायचं ते ऐक. घरात शिरल्यावर सासू-सासऱ्यांना ओमोनिम, आबोनिम करून झालं की पहिली हाक जावेला, 'ह्यंगनिम' म्हणून. सगळ्यांसमोर, स्पष्ट. मागच्या वेळची माफी वेगळी मागत बसू नकोस, तिला कळेल. मग भांडी धुताना किंवा सोंगप्योन, म्हणजे सणाचे तांदळाचे गोळे, वळताना, दोघीच असाल तेव्हा, तिला सांग की आमच्याकडेही थोरल्या जावेचा मान असतो, मला ठाऊक असायला हवं होतं. ती मोकळी झाली तर तिला तुमच्या भागातली अक्का शिकव.

आणि नवरा. त्याचं काम असं: निघण्याआधी कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नातं, त्याला तू काय म्हणायचं, आणि तो तुला काय म्हणणार, हे लिहून द्यायचं. नणंदेच्या नावाचा विषय आईकडे त्याने आणि बहिणीने मांडायचा, तू नाही. तुझ्या माहेरी तो आला तेव्हा मामांना मामा आणि काकांना काका म्हणायला त्याला कुणी शिकवलं? तूच ना? मग त्याच्या घरी तो गप्प कसा बसला? दिवसभर सगळं पाहून रात्री अंथरुणात 'ह्यंगनिम म्हणायचं असतं' हे सांगणं मला तरी आवडलेलं नाही.

राहता राहिलं बाळ. रीतीप्रमाणे वडिलांची आई हालमोनी आणि आईची आई वेहालमोनी. त्या 'वे'चा अर्थ बाहेरची, आणि तुझ्या आईने तो विचारला तर तिला काय वाटेल ते मी सांगायला नको. 2020 च्या त्याच मार्गदर्शिकेने हा भेद सोडायला सांगितलंय, आणि त्याही आधीपासून अनेक कोरियन घरांत गावाचं नाव लावून बुसान हालमोनी, देगू हालमोनी असं म्हणतातच. तुझ्या बाळाची एक आन्दोंग हालमोनी आणि एक आजी. मराठी शब्द तसाच ठेव, त्याला 'वे' लागूच शकत नाही. तुझ्या आईला मात्र एक शिकवून ठेव: तिकडे सासू जावयाला आडनावापुढे 'सोबांग' लावून हाक मारते. जावई किम असेल तर किम सोबांग. पुढच्या व्हिडिओ कॉलवर तिने तसं म्हटलं, तर पलीकडे बसलेल्या विहीणबाई बहिणीचं ओप्पा विसरून जातील.

हे उत्तर नवऱ्याला कोरियनमध्ये समजावून सांग, त्याच्यावरचा परिच्छेद न गाळता. त्याने टाळाटाळ केली तर मला पुन्हा लिही.

— ताई